डावी टाच

सोपान हरावा असं मला वाटत होतं. त्या लढतीत मी त्याच्याच कोपऱ्यात, खांद्यावर टॉवेल टाकून उभा होतो, आणि मला तो हरायला हवा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सरांना नाही, सोपानला तर नाहीच. संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या त्या पिंजऱ्यातल्या धंद्याबद्दल काहीतरी लिहा’ म्हटलं, तेव्हा दोन-चार गमती लिहून मोकळं व्हायचा विचार होता. गमती लिहून झाल्या, पण मोकळं काही वाटेना. म्हणून हे लिहितोय.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण आमच्या संत तुकाराम नगरातले शेजारीसुद्धा अजून मला ‘कराटेवाले’ म्हणतात. याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात, थोडक्यात एमएमए. जाळीचा अष्टकोनी पिंजरा, आत अनवाणी दोन माणसं आणि एक पंच. हातात पातळ ग्लोव्हज, बोटं उघडी, म्हणजे मारताही येतं आणि धरताही येतं. ठोसा, लाथ, गुडघा, कुस्तीतला डाव, खाली पाडून हात पिरगाळणं, सगळं चालतं. डोळ्यात बोट घालणं आणि चावणं चालत नाही. पाच मिनिटांची एक फेरी, अशा तीन. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती. त्या मिनिटात तुमची माणसं स्टूल घेऊन आत येतात, बर्फ लावतात, पाणी देतात आणि तुम्हाला जे दिसत नाही ते सांगतात. बाहेरच्यांना ते मिनिट म्हणजे जाहिरातीची वेळ वाटते. आमच्यासाठी अख्ख्या लढतीत माणसाच्या तोंडून खरं ऐकायला मिळायची तेवढीच जागा असते.

मी हेवीवेट. म्हणजे त्र्याण्णव किलोच्या वर आणि एकशेवीसच्या आत. हलक्या वजनाची पोरं काट्यावर उभं राहायच्या आधी दोन दिवस पाणी तोडतात, प्लास्टिकचे कपडे घालून पळतात, बाटलीत थुंकत बसतात. आम्ही हेवीवेट त्यांच्यासमोर बसून मिसळ खातो. पण आमचं दुखणं वेगळं आहे. आमच्या वजनाचा माणूसच मिळत नाही. लढायला मिळत नाही आणि सरावाला तर त्याहून मिळत नाही. आयोजकाचा गुरुवारी फोन येणार, ‘मिलिंदभाऊ, शनिवारी मोशीला आहे, येता का?’ गेलं की कळणार, समोरचा आलेलाच नाही. एकदा असाच एका लॉन्समध्ये कार्यक्रम होता. जिथं आदल्या दिवशी लग्न लागलेलं तिथं मांडववाल्यांनीच पिंजरा उभा केलेला, दाराला कडी नाही म्हणून सुतळी बांधलेली. माझा प्रतिस्पर्धी गायब. आयोजकानं दारावरचा बाउन्सर आणून उभा केला. पंच आम्हा दोघांना नियम सांगत असताना बाउन्सर माझ्या कानाशी म्हणाला, ‘‘भाऊ, जरा हळू. सोमवारी फर्स्ट शिफ्ट हाय.’’

‘‘मलापण आहे,’’ मी म्हणालो.

ती लढत आम्ही दोघांनी फार समजूतदारपणे लढली.

होय, मलाही शिफ्ट होती. आपल्याकडे या खेळावर कुणाचं घर चालत नाही. मी चाकणला एका कास्टिंगच्या कंपनीत तपासणीला होतो. ओतलेले भाग पट्ट्यावरून येतात, त्यांना तडा आहे का, पोकळी राहिली का ते बघायचं आणि बाजूला काढायचं. नजर चांगली होती माझी. सुपरवायझर म्हणायचा, ‘‘तुझ्या डोळ्याखालून काही सुटत नाही राव.’’ हे वाक्य मला पुढं बरंच महागात पडलं.

जिममध्ये शिकायला येणारेही एकेक नग असत. एका मोठ्या कंपनीतला मॅनेजर यायचा, चाळिशीचा, पोट सुटलेला. महिनाभर नुसती पॅडवर धोपटाधोपटी चालू होती. एक दिवस म्हणाला, ‘‘सर, एक काम करा. डाव्या डोळ्याखाली एक द्या. फार जोरात नको. काळं-निळं झालं पाहिजे फक्त.’’ का विचारलं तर म्हणाला, सोमवारी मीटिंग आहे, लोक ऐकत नाहीत. मी दिली. पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आला. ऐकलं म्हणे.

आमची जिम दिघीत होती. लष्कराच्या भिंतीला समांतर जाणाऱ्या गल्लीत पत्र्याची शेड, खाली मॅट, उन्हाळ्यात आत भट्टी. विलास सर चालवायचे. मी तिथं बॉक्सिंग करत करत या खेळात आलेला. वडील पिंपरीच्या कंपनीत कामगार होते, कंपनी बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो. कॉलनीतल्या बॉक्सिंगच्या वर्गात त्यांनी मला घातलं ते मी घरात कटकट करू नये म्हणून. ठोसा माझ्याकडे होता. कुस्ती अजिबात नव्हती. त्या भागात नियमित सराव करणारा हेवीवेट मी एकटाच, त्यामुळे मी एक नंबरच होतो. मग सोपान आला.

सोपान कुरुळीचा. घरची शेती होती, तिच्या बऱ्याच भागावर आता गोदामं उभी आहेत. गावच्या तालमीत लहानपणापासून लाल मातीत घोळलेला, दोन्ही कान मोडलेले, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला एकमेकांसमोर उभं केलं. मी दोन ठोसे मारले, दोन्ही लागले. तिसऱ्याला तो खाली वाकला, माझे दोन्ही पाय कवेत घेतले आणि मला उचललं. कुस्तीत याला दुहेरी पट म्हणतात. एकशेदहा किलोचा मी, त्याच्या खांद्यावर पोत्यासारखा. खाली टाकताना त्यानं एक हात माझ्या मानेखाली घातला, डोकं आपटू नये म्हणून.

‘‘लागलं न्हाई ना भाऊ?’’

मला त्याचं काही आवडलं नाही, पण सगळ्यात जास्त तो मानेखालचा हात आवडला नाही.

मत्सर कसा असतो ते लोक चुकीचं सांगतात. तो सारखा पेटलेला नसतो. दिवसभर तुम्ही त्या माणसाबरोबर हसता, त्याच्या डब्यातलं खाता, त्याच्या गाडीवर मागं बसता. आणि मधेच बारीकशा गोष्टीत तो टोचतो. सोपान कुठंही झोपायचा. लढतीच्या आधी, कपडे बदलायच्या खोलीत, बाकड्यावर, पाच मिनिटात घोरायला लागायचा. मला चार दिवस झोप नसायची. मी त्याच्याकडे बघत बसायचो आणि वाटायचं, हा झोपलेला माणूस मला नको आहे. तो पहिली लढत जिंकला तेव्हा कुरुळीच्या फाट्यावर रस्ता अडेल एवढा फ्लेक्स लागला, त्यात सोपान एकटा. आमच्या नगरातल्या जयंतीच्या फ्लेक्सवर मीही असायचो. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, पासपोर्टएवढा, नावाआधी ‘पैलवान’ छापलेलं. मी जन्मात मातीत उतरलेलो नव्हतो.

तो एकामागून एक जिंकत गेला. बहुतेक लढती पहिल्याच फेरीत. उचलला, टाकला, वरून दोन ठोसे, संपलं. जिंकल्यावर पोरं धावत यायची आणि माझ्या हातात मोबाइल द्यायची, ‘‘भाऊ, आमचा एक फोटो काढा ना सोपानदादांबरोबर.’’ मी काढायचो. चांगले काढायचो, डोकी न कापता. सोपान म्हणायचा, ‘‘अरं, ह्यांच्याबी संगं काढा की. माझे गुरू हायेत हे.’’ मग पोरं नाइलाजानं माझ्याबरोबर एक काढायची. त्यानं असं म्हणू नये, एवढंच मला त्या वेळी हवं असायचं.

त्याची आईसुद्धा. मी घरी गेलो की मावशी आधी माझं ताट करायच्या. ‘‘तू नोकरी करून खेळतूस, तुला जास्ती लागंल.’’ सोपान बाजूला बसून हसायचा. दुसऱ्याच्या वाट्याची माया आपल्या ताटात पडली की घास गोड लागायला हवा. मला तो कधी नीट गिळता आला नाही.

आता जिमची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. स्पारिंग म्हणजे आपसातली सरावाची लढत. ती झाली की सर पाणी पिऊ देत नसत. दोघांनी मॅटच्या कडेला बसायचं, माउथगार्ड काढायचं आणि एकमेकांची एक खोट सांगायची. एकच, पण खरी. मग पाणी. सर म्हणायचे, ‘‘बाहेरचा माणूस तुमची खोट शोधून तुमचा जबडा मोडणार. त्यापेक्षा घरच्या माणसानं पाण्याच्या आधी सांगावी.’’ दुसऱ्या जिममध्ये मी हे कुठं पाहिलेलं नाही. आमच्यात तो नेमच होता, आणि जो कुचकट किंवा गुळमुळीत खोट सांगेल त्याला सर तहानलेलाच घरी पाठवायचे.

सोपान खोट अशी सांगायचा की राग येऊ नये. ‘‘भाऊ, तू मार खाल्ला की डोळं मिटतूस. निमिषभर. पन मिटतूस.’’ आणि सांगून सोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी लवकर यायचा, टेनिसचा चेंडू घेऊन माझ्या तोंडावर फेकत राहायचा, मी डोळे उघडे ठेवावेत म्हणून. महिनाभर. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली लढत मी त्या उघड्या डोळ्यांनी जिंकलो. समोरच्याचा उजवा हात येताना मला दिसला, मी आत शिरलो आणि डाव्या ठोशानं त्याला बसवलं. ती जीत सोपानची होती. मी तेव्हा भाषणात सरांचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं.

मीही त्याच्या खोटी सांगायचो. हनुवटी वर जाते. लाथ मारून झाल्यावर हात खाली पडतो. खऱ्या असायच्या. तो लगेच सुधारायचा आणि आणखी अवघड व्हायचा, आणि मला कळायचं की मी माझ्याच हातानं याला धार लावतोय.

त्याची टाच मला दिसली ती अशाच एका दुपारी. दिसली म्हणण्यापेक्षा आधी ऐकू आली. शेडमध्ये त्या दिवशी आम्ही दोघं आणि सर एवढेच होतो, पंखा बंद होता. पट काढायला वाकण्याच्या आधी सोपानच्या डाव्या पायातून ‘थप्’ असा हलका आवाज आला. पुढच्या वेळी मी खाली बघितलं. डावी टाच उचलली गेली, मॅटवर एकदा दाबली गेली, आणि मग तो सुटला. तिसऱ्या वेळी तसंच. मातीत तो त्याच्या कामाचा भाग होता. भुसभुशीत मातीत टाच रोवल्याशिवाय जोर लागत नाही, आणि पाय मातीत असल्यामुळे तिथं ते कुणाला दिसतही नाही. मॅटवर रोवायला काही नव्हतं. पण लहानपणापासूनची सवय, पाय आपला मॅटवर माती शोधत होता. त्याला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. सरांना दिसलं नव्हतं. सर मूळचे बॉक्सिंगचे, ते खांदे बघायचे.

चौथ्या वेळी टाच उचलली तशी मी कंबर मागं घेतली आणि त्याच्या मानेवर वजन टाकलं. सोपान तोंडावर पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

‘‘अरे वा,’’ सर म्हणाले. ‘‘मिलिंद, आज काय खाऊन आलास?’’

आम्ही कडेला बसलो. सोपान घामानं निथळत माझ्याकडे बघत होता, डोळ्यांत नुसतं कौतुक. ‘‘भाऊनी माझा पट बंद केला राव. सांग, काय चुकलं माझं?’’

मी म्हणालो, ‘‘हनुवटी. परत वर जातेय.’’

‘‘व्हय?’’ तो म्हणाला. ‘‘जातीया खरी.’’ आणि पाण्याची बाटली आधी मला दिली.

उद्या सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. त्या एका दिवसाची चव घ्यायची होती फक्त. पण दुसऱ्या दिवशी मी त्याला परत अडवलं, आणि परवाही. जिममधली पोरं मला मान द्यायला लागली. सर नव्या पोरांना सांगायचे, पट कसा अडवायचा ते मिलिंदकडून बघा. टाच सांगितली असती तर त्यानं ती चार आठवड्यांत सोडली असती आणि मी परत त्याच्या खांद्यावरचं पोतं झालो असतो. म्हणून मी ती ठेवली. कधी कधी मुद्दाम हरायचो, संशय येऊ नये म्हणून. असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं रोज मी पाण्याच्या आधी त्याला खरीच खोट सांगत होतो, आणि रोज दुसरीच सांगत होतो. कंपनीत तडा दिसलेला भाग मी एकदाही पुढं जाऊ दिला नाही, हे इथं लिहिताना हात थांबतोय.

मग ती लढत आली. लढती भरवणारी मोठी कंपनी, बंदिस्त स्टेडियम, टीव्हीवर दाखवणार. सोपान जिंकला असता तर परदेशातल्या स्पर्धेत बोलावणं पक्कं होतं. समोर उत्तरेकडचा एक उंच, थंड डोक्याचा माणूस. कुरुळीतून गाड्या भरून लोक आले होते. सोपान नेहमीप्रमाणे बाकड्यावर झोपला होता. मी त्याच्या हातांना पट्ट्या बांधल्या. पट्टी बांधताना लढणारा माणूस लहान मुलासारखा हात पुढं करून बसतो, बोटं पसरून. तेव्हा सांगता आलं असतं. पण लढतीच्या तोंडावर माणसाला त्याच्या पायांबद्दल काही सांगू नये, तो पायांचाच विचार करत राहतो, हा आमच्या धंद्यातला खरा नियम आहे. मी त्या नियमाच्या आड बसलो.

पहिल्या फेरीत सोपाननं दोनदा पट काढला. दोन्ही वेळा समोरचा आधीच मागं सरकलेला. लोकांना वाटलं, तो चपळ आहे. माझं लक्ष त्याच्या कोपऱ्याकडे होतं. त्याचा कोच जाळीला नाक लावून बसला होता आणि फेरी संपता संपता त्यानं आपल्या माणसाला हाक मारली आणि स्वतःच्या डाव्या टाचेवर हातानं थापटी मारून दाखवली. मला दोन वर्षांपूर्वी दिसलं ते त्याला पाच मिनिटांत दिसलं होतं.

मी आणि सर स्टूल घेऊन आत गेलो. सर समोर गुडघ्यावर बसले. मी मागं, मानेवर बर्फाची पिशवी धरून.

‘‘छान चाललंय,’’ सर म्हणाले. ‘‘तो दमलाय. परत पट काढ. काढत राहा.’’

सोपाननं मान वळवली. सरांकडे नव्हे, माझ्याकडे. ‘‘भाऊ, ह्याला कसं काय कळतंय रं?’’

त्यानं मलाच विचारलं. त्याला वाटत होतं, माझ्या डोळ्याखालून काही सुटत नाही.

‘‘काही कळत नाहीय त्याला,’’ मी म्हणालो. ‘‘नशीब आहे. श्वास घे.’’

मी का बोललो नाही याची मी बरीच उत्तरं तयार ठेवली होती. वेळ नव्हता. सर वेगळं सांगत होते, दोघांनी दोन गोष्टी सांगू नयेत. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत आहे. हे सगळं खरं आहे आणि कामाचं नाही. मला बघायचं होतं. तो कसा दिसतो पडल्यावर, ते एकदा मला बघायचं होतं.

दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला टाच उचलली गेली. समोरच्यानं गुडघा आधीच वर आणला होता. सोपान त्याच्यावर स्वतःच्या सगळ्या वजनानिशी जाऊन आदळला. आवाज मी सांगत नाही. तो कुशीवर पडला आणि एक हात तसाच पुढं राहिला, कुणाचे तरी पाय कवेत घ्यायला निघालेला. मी जाळीचं दार उघडून सगळ्यांच्या आधी आत पोचलो आणि त्याच्या मानेखाली हात घातला. टीव्हीवर ते दिसलं. लोक अजून सांगतात, मिलिंद कसा धावला.

डोळ्याखालचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात मावशी माझा हात धरून बसल्या. ‘‘तू व्हतास म्हनून बरं बाबा,’’ म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सोपानला बोलता यायला लागलं. मला वाटलं होतं तो पंचाला, नशिबाला, समोरच्याला काहीतरी म्हणेल.

‘‘भाऊ, मी भ्यालो,’’ तो म्हणाला. ‘‘स्टुलावर बसलो तवा पोटात कायतरी हाललं. पहिल्यांदाच. मग पाय उचलंना. म्हनून त्यो गुडघा लागला.’’

‘‘असं काही नाही,’’ मी म्हणालो.

‘‘न्हाई, हाय. आतलं मला म्हाईत.’’

हाड जुळलं, तो डोळा मात्र थोडा खाली ओढलेला राहिला. डॉक्टरांनी वर्षभरानं परवानगी दिली. तो परत जिमला आला, पण समोर माणूस उभा राहिला की हा स्वतःच्या पोटाकडे कान लावून बसायचा, भीती आली का म्हणून. ज्याला बाकड्यावर झोप यायची त्याला झोप येईना. दोन महिन्यांनी त्यानं ग्लोव्हज सरांच्या पायाशी ठेवले. गावात कुणी म्हणालं पैसे खाल्ले, कुणी म्हणालं हवा गेली.

मी परत एक नंबर झालो, कारण दोन नंबरच उरला नाही. फ्लेक्स लागला, या वेळी मी मोठा होतो. पण माझ्याशी सराव करायला माझ्या वजनाचा माणूस नव्हता, माझी खोट सांगणारा तर नव्हताच. मार खाल्ला की माझे डोळे परत मिटायला लागले. तीन लढती हरलो आणि बंद केलं. ते योग्यच झालं.

यंदा मे महिन्यात सोपाननं मला कुरुळीला बोलावलं. त्यानं घरामागच्या गोदामात वर्ग सुरू केलाय. कंपनीतली शिफ्ट संपवून माणसं येतात, तीस-चाळीस जण असतील. मी एका कोपऱ्यात बसलो. त्यानं आधी पट शिकवला, स्वतः करून दाखवला. टाच उचलली गेली, मॅटवर दाबली गेली. मग सगळ्यांना बसवून बोलला.

‘‘मी माझी मोठी लढत भिऊन हारलो,’’ तो सरळ म्हणाला. ‘‘लपवत न्हाई. तुमी बी लपवू नका. भ्या वाटलं तर सोबत्याला सांगा. मी न्हाई सांगितलं, म्हनून डोळा असा झाला.’’

नंतर एकेक जण त्याच्या पाया पडला. आणि खरं सांगायचं तर, मला तेव्हासुद्धा टोचलं. त्याच्या हरण्याचाही मला हेवा वाटला. तो त्याच्या खोट्या भीतीसह सगळ्यांसमोर उभा राहू शकत होता, आणि मी माझ्या खऱ्या गोष्टीसह कोपऱ्यातून उठू शकत नव्हतो.

वर्ग सुटल्यावर आम्ही घरी आलो. मावशींनी चहा ठेवला. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, ‘‘सोपान, तू भ्याला नव्हतास.’’

‘‘जाऊ दे भाऊ, झालं गेलं.’’

‘‘ऐक. पट काढायच्या आधी तुझी डावी टाच उचलते. मातीत रोवतोस तशी. दर वेळी. त्या माणसाच्या कोचला ती दिसली. त्यानं टाच बघून गुडघा आणला. तुझं पोट, भीती, काही संबंध नाही.’’

त्यानं कप ठेवला. उठून अंगणात गेला. मला म्हणाला, ‘‘मोबाइलवर घे.’’ मी घेतलं. त्यानं लुंगी खोचून चार-पाच वेळा पट काढला, समोर कुणी नसताना. मग माझ्या शेजारी येऊन बसला आणि ते पुन्हा पुन्हा बघत राहिला. आपल्याच पायाकडे माणूस किती वेळ बघू शकतो.

‘‘म्हंजी मी भ्यालो न्हवतो,’’ तो म्हणाला.

‘‘नव्हतास.’’

‘‘आये,’’ त्यानं आत हाक मारली, ‘‘मी भ्यालो न्हवतो गं.’’

मावशी दारात आल्या. ‘‘मी कवा म्हनलं भ्यालास म्हनून?’’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो हसला. मग पदरात तोंड लपवावं तसं त्यानं खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवलं आणि बराच वेळ काढलं नाही. तोंड बाहेर काढलं तेव्हा तो दहा वर्षं कुणीतरी त्याच्या पाठीवरून उतरवल्यासारखा दिसत होता.

‘‘तुला कवा दिसली रं?’’ त्यानं विचारलं.

तिथं मी परत तेच केलं. ‘‘परवा,’’ मी म्हणालो. ‘‘जुना व्हिडिओ बघत होतो.’’

‘‘बघा,’’ तो म्हणाला. ‘‘एवढी वर्सं कुनाला दिसली न्हाई. सरांस्नी न्हाई, मला न्हाई. भाऊला दिसली.’’ त्यानं लगेच सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, ‘‘मिलिंदची नजरच तशी.’’ जाताना मावशींनी मला तांदळाची पिशवी दिली. पुढच्या रविवारी सोपाननं वर्गात माझी ओळख करून दिली. टाच दाखवणारे भाऊ, असं. आता तो भीतीवर बोलत नाही. माझ्यावर बोलतो.

सोपानची टाच मला परवा दिसली नाही. ती मला लढतीच्या दोन वर्षं आधी दिसली, आणि स्टुलावर बसून त्यानं मला विचारलं तेव्हाही मला माहीत होती. मी ती ठेवून घेतली कारण तो हरावा असं मला वाटत होतं. एवढं त्याच्यासमोर बसून सांगणं मी त्याला देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.